जुनी जुळणी, नवा कर्नल

सप्टेंबर २०१८. एका दिवाळी अंकाची १६० पानं माझ्या संगणकात जुळवून तयार होती आणि त्यातल्या ४८ पानांची दुसरी प्रुफं परत यायची होती. सकाळी चहा ठेवून यंत्र चालू केलं, तर नेहमीचं निळं चित्र आलंच नाही. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं आणि नाव-पासवर्ड मागणारी एक लुकलुकती रेघ. ते टाकून आत गेले आणि फायलींची यादी मागितली. इंग्रजी नावांची फोल्डरं नीट दिसली. मराठी नावांच्या जागी मात्र चौकोन होते. ‘संपादकीय’, ‘कथा’, ‘व्यक्तिचित्रं’, ‘जाहिराती’ या सगळ्यांचे नुसते चौकोन झालेले.

मला वाटलं, डिस्क गेली. चहा उतू गेला तोही कळला नाही.

भाचा तेव्हा पुण्यात शिकत होता. माझ्या यंत्रावर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार, त्यानेच घालून दिलं होतं. त्याला फोन लावला, तर तो झोपेतून उठून म्हणाला, “आत्या, त्या चौकोनांकडे बघू नकोस. फायली आहेत तशाच आहेत. त्या पडद्याला देवनागरी काढताच येत नाही.”

“मग काल येत होती ती?”

“ती दुसऱ्या पडद्यावर. काल काय केलंस?”

“काही नाही रे. अपडेट आलं होतं, हो म्हटलं.”

“कर्नल होता का त्यात?”

मला काय ठाऊक. त्याने यंत्र परत चालू करायला सांगितलं. सुरुवातीला पाचेक सेकंद एक यादी दिसते, तिच्याकडे मी वर्षभरात कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यातल्या दुसऱ्या ओळीवर जायला लावलं. आत आणखी नावं होती, जवळजवळ सारखीच. एकाच्या शेवटी ४.९.०-८, दुसऱ्याच्या शेवटी ४.९.०-७. “सात घे,” तो म्हणाला. सात घेतला आणि निळं चित्र आलं. ‘संपादकीय’ हे फोल्डर ‘संपादकीय’ म्हणूनच उभं होतं, काना-वेलांटीसकट.

त्या दिवशी मी काम पुरं केलं आणि अंक वेळेत छापायला गेला. पण ती यादी डोक्यातून जाईना. मी नवीन आणलं तेव्हा जुनं पुसलं गेलं असणार, असंच मी धरून चालले होते. ते पुसलं गेलं नव्हतं. कुणीतरी ते मुद्दाम ठेवलं होतं, आणि मी हाक मारीपर्यंत ते गप्प उभं होतं.

पुढे एकेक गोष्ट समजत गेली. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. खरं तर ‘लिनक्स’ हे नाव त्या गाभ्याचंच. हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये ज्याची बातमी दिली, तो हा गाभाच होता. मी ज्यात पानं लावते तो प्रोग्रॅम, ज्यात पत्रं लिहिते तो, देवनागरीचे फाँट, खिडक्या, चित्रं, हे सगळं त्याच्या वर बसतं. छापणाऱ्या यंत्राशी, डिस्कशी, पडद्याशी, माउसशी बोलायचं काम कर्नलचं. त्याला स्वतःला जे अक्षर काढता येतं ते अगदी साधं. त्या काळ्या पडद्याच्या पेटीत जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि एका घरात एक चिन्ह असा त्याचा हिशेब आहे. आपली जोडाक्षरं, मागे जाऊन बसणारी वेलांटी, डोक्यावरचा रफार त्याच्या आवाक्यातले नाहीत. म्हणून ते चौकोन. माझ्यासारखं ज्यांचं पोट देवनागरीवर आहे त्यांना हे आधीच कुणीतरी सांगून ठेवायला हवं. बिघाडाच्या वेळी पहिली भीती वाटते ती याच चौकोनांची, आणि ती अगदी विनाकारण असते.

पडदा काळा का झाला, त्याचं कारण मात्र मीच घडवलेलं होतं. यंत्रात जुन्या बाजारातून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, मी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून, कुठेतरी वाचलेल्या सूचना बघत हाताने बसवला होता. तसा बसवलेला ड्रायव्हर ज्या कर्नलवर बसवला त्याच एका कर्नलचा होतो. प्रत्येक कर्नलचं आपलं वेगळं फोल्डर असतं, त्यात त्याचे ड्रायव्हर. सातच्या फोल्डरात माझा ड्रायव्हर होता, आठच्या फोल्डरात नव्हता. नवा कर्नल आला तो रिकाम्या हाताने आणि त्याला पडदा रंगवता येईना.

यामागचा विचार मला आजही फार पटतो. कर्नल लिहिणाऱ्यांचा एक नियम आहे आणि टॉरव्हाल्ड्स तो कडकपणे पाळायला लावतात: वर चालणारे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. कर्नलमधल्या बदलामुळे एखादा चालता प्रोग्रॅम बंद पडला, तर चूक प्रोग्रॅमची नाही, कर्नलची. म्हणून मी आठ वर्षांत चार-पाच मोठे कर्नल बदलले, पण माझ्या पानं लावायच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागला नाही. आतल्या बाजूला मात्र असं वचन कुणालाच दिलेलं नाही. कर्नल लिहिणाऱ्यांपैकीच एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी तर असं वचन का देता येत नाही हे सांगणारं एक टिपणच कर्नलच्या कागदपत्रांत लिहून ठेवलं आहे. म्हणजे वाड्याच्या आत भिंती पाडा, खोल्या हलवा, जिने फिरवा, पण उंबऱ्यावर येणाऱ्याला दार त्याच जागी सापडलं पाहिजे. आता जो ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतो, त्याला भिंत हलवणारे सांभाळून घेतात. जो बाहेरून आणून आत बसवलेला असतो, त्याची खोली रातोरात नाहीशी होते. डेस्कटॉपवर कर्नल बदलताना घात होतो तो बहुतेक इथे: ग्राफिक्स कार्ड, वायफायचं बोटाएवढं यंत्र, एखादा स्कॅनर. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा जाच कमी असतो. त्यांच्या यंत्राला पडदा लागत नाही, आवाज लागत नाही, झोपून उठावं लागत नाही.

यावर उपाय होता आणि तो जुनाच होता. डेल कंपनीच्या लोकांनी २००३ मध्ये डीकेएमएस नावाचं एक साधन केलं. नवा कर्नल आला की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी आपणहून परत बांधून देणं, एवढंच त्याचं काम. डेबियनच्या भांडारात माझ्या कार्डाचा ड्रायव्हर या साधनासकट होता. मी तो घेतला असता तर ती सकाळ उगवली नसती. एक लक्षात ठेवायचं. हे बांधकाम करायला त्या कर्नलच्या ‘हेडर’ फायली लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात येतात. त्या नसल्या तर बांधकाम होत नाही, आणि ते झालं नाही हे सांगणारी ओळ शंभर ओळींच्या गर्दीत वाहून जाते. म्हणून मी आता अपडेट चालू असताना उठून जात नाही. तिथेच बसून ओळी वाचते. प्रूफ वाचायची सवय असल्याने ते जड जात नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगलीच्या गावभागात एका छापखान्यात ३१ वर्षं खिळे जुळवत होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा ठसा, उचलून ओळ करायची, ओळींचं पान करायचं, पानाला चौकट घालून आवळायचं आणि ट्रेडलवर चढवायचं. छपाई झाली की पान सोडायचं, म्हणजे सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. शिसं मोजकं असे. पुढच्या कामाला तेच खिळे लागत, म्हणून मालकाला सोडायची घाई असे. अण्णा मात्र गिऱ्हाइकाने छापलेला माल हातात घेऊन, उलटून-पालटून, “बरोबर आहे” म्हणेपर्यंत पानाला हात लावू देत नसत. कुणाच्या पत्रिकेत मुहूर्त चुकलेला निघे, कुणाच्या पावतीपुस्तकात गावाचं नाव. पान बांधलेलं असलं तर चार खिळे बदलून दहा मिनिटांत काम होई. सोडलेलं असलं की रात्र जाई. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा त्यांचा आवाज ऐकू यायचा, “अजून सोडू नका.” आणि मग एकदोन दिवसांनी, “सोडा आता.”

त्या सकाळच्या प्रकारानंतर मी अण्णांना त्या यादीचं सांगितलं. सात आणि आठ, दोन्ही ठेवलेले असतात म्हटलं. ते म्हणाले, “म्हणजे जुनी जुळणी बांधून ठेवली होती.” मला त्याच्याहून चांगलं समजावून सांगता येणार नाही.

ही बांधलेली जुळणी डोळ्यांनी बघताही येते. डिस्कवर ‘बूट’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात प्रत्येक कर्नलच्या चार फायली: कर्नल स्वतः, त्याची सेटिंगं, त्याच्या आतल्या पत्त्यांची यादी आणि ‘इनिटआरडी’ म्हणून एक गाठोडं. या गाठोड्याचं कोडं मला फार आवडतं. कर्नल जागा झाला की त्याला डिस्क उघडायची असते. डिस्क उघडायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर असतो डिस्कवर. म्हणून निघतानाच त्याच्याबरोबर शिदोरी बांधून दिलेली असते, आणि तिच्यात वाटेत लागतील तेवढे ड्रायव्हर असतात. शिदोरी नसली की बहुतेक यंत्रांवर कर्नल मूळ डिस्क सापडत नाही एवढं सांगून जागच्या जागी थांबतो.

जुलै २०२२ मध्ये मला या शिदोरीचीच धास्ती पडली. डेबियन ११ वर ५.१० कर्नलचा नवा हप्ता आला होता. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस. यूपीएसची बॅटरी कमजोर झाली आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी हो म्हटलं. ते तेव्हाही चूकच होतं. पडद्यावर नवी शिदोरी बांधत असल्याची ओळ उमटली आणि वीज गेली. यूपीएस दोनदा ओरडलं आणि गप्प झालं.

दीड तास अंधारात बसले होते. या वेळी डिस्कची भीती नव्हती, कारण ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सगळ्या कामाची एक प्रत मी कऱ्हाडला बहिणीकडे ठेवायला लागले होते. घरात दोन प्रती ठेवणं म्हणजे प्रत ठेवणं नव्हे, हे कृष्णेच्या पाण्याने आमच्या सगळ्या गल्लीला शिकवलं. पण यंत्र उभं राहील की नाही, हा प्रश्न होताच. अर्धी बांधलेली शिदोरी घेऊन नवा कर्नल निघाला तर?

वीज आली, यंत्र चालू केलं, आणि ते नेहमीसारखं उभं राहिलं. कोणता कर्नल चालू आहे हे सांगणारी ‘यूनेम’ ही आज्ञा दिली, तर उत्तर आलं जुन्याचं. नवा कर्नल यादीतच नव्हता. मग पॅकेज सांभाळणाऱ्या डीपीकेजीला, अर्धवट राहिलंय ते पुरं कर, असं सांगितलं. त्याने शिदोरी पहिल्यापासून बांधली, यादी नव्याने लिहिली आणि मग नवा कर्नल तिच्यात दिसला.

हे नशिबाने झालं असं मला आधी वाटलं. मग त्यामागची व्यवस्था बघितली. नवा कर्नल डिस्कवर उतरला की डेबियन एका ठरलेल्या फोल्डरातले छोटे छोटे प्रोग्रॅम एकामागून एक चालवतं. क्रम लागतो वर्णमालेप्रमाणे. डीकेएमएसचा प्रोग्रॅम डी अक्षराचा, म्हणून तो आधी, आणि त्यात बाहेरचे ड्रायव्हर बांधले जातात. शिदोरी बांधणारा आय अक्षराचा, म्हणून तो नंतर. आणि सुरुवातीची ती यादी लिहिणाऱ्या ग्रबच्या प्रोग्रॅमचं नाव सुरू होतं झेड-झेड या दोन अक्षरांनी. त्या अक्षरांना अर्थ काही नाही. तो सगळ्यांत शेवटी चालावा एवढ्यासाठीच ती पुढे लावली आहेत. सगळं बांधून झाल्याशिवाय नव्या कर्नलचं नाव दारावर लागत नाही. मध्ये कुठेही वीज गेली तरी दारावर जुन्याचीच पाटी असते. मराठीत लिहिलं असतं तर तिथे दोन ‘ज्ञ’ लागले असते.

ही दोन अक्षरं लावणारा कोण, मला माहीत नाही. माझ्या यूपीएसशी, सांगलीच्या पावसाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण कुठेतरी कुणाची तरी वीज जाईल हे त्याने धरलेलं होतं. चांगलं काम असंच असतं असं मला वाटतं. ते बघून मला खूप बरं वाटलं होतं आणि अजून वाटतं.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग बदलताच कशाला? चालतंय ते चालू दे. आमच्या धंद्यात असे खूप आहेत. माझ्या ओळखीचे एकजण आठ-आठ वर्षं कशालाही हात लावत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मला हे अजिबात पटत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचं एक छिद्र उघडकीला आलं. साध्या वापरकर्त्याला त्यातून यंत्राचा मालक होता येत होतं. ते छिद्र २००७ पासून कर्नलमध्ये होतं. नऊ वर्षं! म्हणजे जुनं ते मुरलेलं आणि मुरलेलं ते सुरक्षित, हा हिशेब लोणच्याला लागू, कर्नलला नाही. मार्च २०२२ मधल्या ‘डर्टी पाइप’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मॅक्स केलरमन या जर्मन प्रोग्रॅमरकडे एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की रोजच्या नोंदींची दाबून ठेवलेली फाइल उघडत नाही. दुरुस्त करून दिली. काही महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. सगळ्यांत जास्त बिघाड महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलमध्ये आणि तोही तिच्या शेवटच्या काही बाइटांत. त्याने ते सोडून दिलं नाही. खणत खणत तो कर्नलपर्यंत पोचला आणि त्याला आढळलं की ५.८ या आवृत्तीपासून एक चूक आत बसली आहे. त्या चुकीतून ज्या फायली फक्त वाचायची परवानगी आहे त्यांतही लिहिता येत होतं. डेबियन ११ चा ५.१० त्याच्या तावडीत होता, म्हणजे माझं यंत्रही होतं. दुरुस्ती आली ती कर्नलच्या अपडेटमधूनच. दुसरी वाट नव्हती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. डेबियन १२ चा तिसरा हप्ता, १२.३, शनिवारी ९ तारखेला यायचा होता. त्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलप्रणालीतला डेटा बिघडवू शकणारी चूक निघाली. माझ्या आणि लिनक्सवाल्या बहुतेकांच्या डिस्का त्याच प्रणालीत मांडलेल्या असतात. कारण ऐकून मला आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. कर्नलच्या नव्या शाखेत झालेली एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणली गेली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो बदल सोबत आला नाही. एका लेखातला परिच्छेद उचलून दुसऱ्या लेखात लावावा आणि त्यातल्या ‘वर सांगितल्याप्रमाणे’ला वर काहीच नसावं, तसं. डेबियनने १२.३ रोखला आणि ६.१.६६ घालून रविवारी १० तारखेला १२.४ काढला. कर्नलच्या त्याच शाखेत लगेच पुढच्या ६.१.६७ मध्ये वायफायच्या बिघाडापायी एक बदल मागे घ्यावा लागला. घाई करणाऱ्यांनी त्या आठवड्यात दोनदा ठेच खाल्ली असेल. मी त्यात सापडले नाही, कारण आलेल्या दिवशी काही घ्यायचं नाही ही सवय तोवर लागली होती.

आणि ही फाइलप्रणालीची गोष्ट आहे म्हणून सांगते. जुना कर्नल ठेवल्याने यंत्र वाचतं, बिघडलेली फाइल वाचत नाही. जुन्या कर्नलने ती बिघडलेलीच दिसेल. प्रत काढून ठेवणं हे वेगळं काम आहे आणि ते आधीचं काम आहे.

माझी रीत आता अशी आहे. सुरक्षेसाठी येणारे छोटे हप्ते दोन-तीन दिवस थांबून घ्यायचे, त्याहून जास्त थांबायचं नाही. मोठी उडी, म्हणजे डेबियनची पूर्ण आवृत्ती बदलणं, दिवाळी अंकांचा हंगाम संपल्यावरच. त्याच्याही पुढचे, थेट मूळ संकेतस्थळावरचे ताजे कर्नल कामाच्या यंत्रावर मी घालत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. नव्या लॅपटॉपचं वायफाय जुन्या कर्नलला ओळखूच येत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे चालू आवृत्तीसाठी नवी पॅकेजं ठेवलेल्या वेगळ्या भांडारातून, नवा घ्यावा. तो निदान त्याच घरातल्या लोकांनी तपासलेला असतो.

डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. सोबत ६.१२ कर्नल. मी नोव्हेंबरपर्यंत थांबले. तुळशीचं लग्न झालं, अंकांची बिलं आली, आणि मग एका शनिवारी सकाळी बसले. यूपीएसची बॅटरी नवी होती. डिस्कवर जागा आहे ना ते बघितलं, कारण ‘बूट’ची वेगळी वाटणी लहान असेल तर तिथे नवी शिदोरी मावत नाही आणि काम अर्ध्यावर अडतं. कऱ्हाडची प्रत आदल्या आठवड्यात ताजी केली होती. पेन ड्राइव्हवर थेट चालणारं डेबियन भरून घेतलं आणि त्यावरून यंत्र खरोखर उठतं का ते करून बघितलं. नुसता भरून ड्रॉवरमध्ये ठेवलेला पेन ड्राइव्ह हा दिलासा असतो, इलाज नसतो. जुन्या कर्नलने सुरू होताना दिलेले सगळे संदेश आणि तेव्हा चालू असलेले ड्रायव्हर यांची यादी एका फाइलमध्ये उतरवून ठेवली. नंतर नव्याशी ताडून बघायला तिच्याइतकं उपयोगी काही नाही. सुरुवातीची यादी काही यंत्रांवर लपवलेली असते, तिथे ती दिसेल असं आधी करून घ्यावं. अडचणीच्या वेळी शिफ्ट दाबायचं की एस्केप, हे आठवत बसावं लागू नये.

जुनं ग्राफिक्स कार्ड मी २०२१ मध्येच काढून टाकलं होतं. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलच्या घरातला आहे, त्यामुळे त्याची काळजी घरचे घेतात. यंत्र विकत घेतानाच हे बघावं, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ग्रबमध्ये एक सोय आहे, ती फार लोकांना माहीत नसते. डबल बुकिंग करून ठेवावं तसं करता येतं: नेहमीसाठी जुनाच कर्नल ठरवून ठेवायचा आणि फक्त पुढच्या एका वेळेपुरतं नव्यावर जा म्हणून सांगायचं. नवा नीट उठला तर उत्तम. अडकला, तर बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं, यंत्र आपणहून जुन्यावर येतं. भाचा आता दूर असतो. त्याच्या आईच्या यंत्राचं काम तो लांबून करतो ते याच आधारावर.

६.१२ पहिल्या फटक्यात उठला. ‘उठला’ एवढ्याने झालं नाही असं मी मानते. चार दिवस त्याच्यावर रोजचं काम केलं. आवाज स्पीकरमधून न येता मॉनिटरकडे जात होता, तो वळवला. स्कॅनरने पान घेतलं. छपाई झाली. मराठी कळफलक जसाच्या तसा. यंत्र झोपवून उठवलं, एकदा नाही, रोज दुपारी जेवताना झोपवायचं आणि आल्यावर उठवायचं. नव्या कर्नलची लहानसहान दुखणी बहुधा या झोपेतून उठतानाच बाहेर पडतात. जर्नलमधल्या, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतल्या, लाल ओळी जुन्या यादीशी ताडल्या. एक नवी होती, ब्लूटूथची, आणि मी ब्लूटूथ वापरत नाही.

डेबियनमध्ये या खेपेला एक चांगला बदल झाला आहे. आधी कधी कधी नव्या हप्त्याचं नाव तेच राहायचं आणि नवा कर्नल जुन्याच्या जागी त्याच नावाने बसायचा. यादीत बघावं तर मागे जायला काही नाही. आता नावातच पूर्ण आवृत्ती येते, त्यामुळे प्रत्येक हप्ता वेगळा उभा राहतो. हे वाचलं तेव्हा मी अण्णांना सांगायला आतल्या खोलीत गेले होते. त्यांना ऐकू कमी येतं. मी मोठ्याने म्हटलं, “आता प्रत्येक जुळणी वेगळी बांधतात.” त्यांनी मान हलवली.

दरम्यान ६.१२ चा आणखी एक हप्ता येऊन गेला. त्यामुळे नको असलेली पॅकेजं काढायला सांगितली की यंत्र ६.१ चं, म्हणजे डेबियन १२ च्या जुन्या कर्नलचं, नाव पुढे करू लागलं. तोवर ते करत नव्हतं, कारण चालू कर्नल आणि त्याच्याखालोखालचा एक, असे दोन ते आपणहून राखतं. मी दोनदा नाही म्हटलं. लग्नसराई सुरू झाली होती. नव्या कर्नलवरचं माझं पहिलं पुरं काम होतं शेजारच्या मुलीची लग्नपत्रिका: जुन्या पत्रिकेवरचा गणपती स्कॅन करून घ्यायचा, मजकूर लावायचा, घरीच नमुना छापायचा आणि मग फाइल छापखान्यात. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी संध्याकाळी एक अण्णांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीशी नेली. वाचली नाही, आधी तिरकी धरून बघितली. मग मुहूर्तावर बोट ठेवलं, गावाच्या नावावर ठेवलं, मुलीच्या आजोबांच्या आडनावावर ठेवलं. उलटून मागची बाजू बघितली.

“सोडा आता,” ते म्हणाले.

मी आत जाऊन यंत्राशी बसले. यादी पुन्हा मागितली, ६.१ चं नाव आलं, आणि खाली नेहमीचा प्रश्न. हो म्हटलं.